ठ आला वाट्याला

सांगली, ७ जुलै २०२५

आत्ती,

पाया पडते. कागदावरून पाया पडलेलं चालतं का ते माहीत नाही, पण तू फोनवर धड बोलतच नाहीस. परवा मी एवढ्या हौसेनं फोन केला, तर तू नुसतं 'व्हय', 'न्हाई', 'बरं हाय' करत बसलीस आणि मध्येच 'ठेवती' म्हणालीस. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुझ्या भाचीला काम मिळालंय. विश्रामबागेत लालासाहेब म्हणून एक प्रकाशक आहेत, मुलांची पुस्तकं काढतात. मराठी मुळाक्षरांतल्या प्रत्येक अक्षराचा एक सुपरहिरो आणि त्याचं एक कॉमिक्स, असं त्यांनी डोक्यात घेतलंय. गोष्ट आणि चित्रं ज्याची त्यानं करायची. आम्ही चौघं चित्रकार. अक्षरं वाटून घ्यायच्या दिवशी माझी एसटी पंक्चर झाली. मी पोचेपर्यंत क, म, र, स अशी सगळी चांगली अक्षरं खपली होती. राजवर्धन नावाचा एक मुलगा आहे, त्यानं व घेतला आणि लगेच त्याचा वज्रबाहू उडायलाही लागला. झ गेला झंझावातला. माझ्या पुढ्यात उरले ढ, ण, ञ आणि ठ.

ण आणि ञ पासून नाव सुरू होणारा माणूस कुणी पाहिलाय? ते दोन लालासाहेबांनी स्वतःच हात जोडून सोडून दिले. ढ चा मी ढगोबा केला. तो कोकणात जास्त झालेले ढग पाठीवर घेऊन तुमच्या माण तालुक्यात आणून सोडतो. ठ पाशी मात्र गाडी अडलीय. ठिणगीकुमार सुचवला, तर लालासाहेब म्हणाले, फटाक्याचं पाकीट वाटतं. ठोसेश्वर सुचवला, तर म्हणाले, पोरं एकमेकांना ठोसे मारतील आणि पालक मला.

पुस्तक दिवाळीला बाजारात यायचंय, म्हणजे सप्टेंबरात छापायला गेलं पाहिजे. जुन्या काळी ठ ची नावं असायची म्हणतात. तुला एखादं आठवतंय का? बाई असो, गडी असो, काहीही चालेल.

तुझी समीक्षा

*

वस्ती, म्हसवड, १४ जुलै

समीक्षा बाळ, सुखात राहा.

पत्र पोचलं. पोस्टमन वस्तीवर येत नाही, दूध डेअरीत ठेवून जातो. डेअरीवाल्यानं चार लोकांत विचारलं, 'आत्तीबाई, कोर्टाचं हाय का काय?' मी म्हटलं, माझ्या भाचीचं आहे आणि ती पुस्तकं काढते. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हापासून कुणी मला एवढं लांब काही लिहिलं नव्हतं. तीनदा वाचलं.

आता फोनवर मी का बोलत नाही ते सांगते. घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली, पण ती वर पत्र्यापर्यंत नेलीच नाही. हातभर फट राहिली आणि ती राहिलीच. पलीकडे माझी थोरली जाऊ राहते. इकडे मी फोडणी टाकली की तिकडून ती आपल्या शेळीला सांगते, 'चांदे, म्हवरी करपली बग.' असल्या घरात फोनवर काय बोलणार?

आमचं दोघींचं बोलणं दिग्विजयच्या लग्नापासून बंद आहे. दिग्विजय म्हणजे तिचा मुलगा, मिलिटरीत होता तो. त्याच्या लग्नात माईकवरून पै-पाहुण्यांची नावं पुकारून फेटे बांधत होते. कुठल्या कुठल्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनांना फेटे झाले, पण नवरदेवाच्या सख्ख्या चुलत्याचं नाव कुणी घेतलं नाही. तुझे मामा, म्हणजे आमचे मालक नानासो, पहिल्या रांगेत डोकं विंचरून बसले होते. ते म्हणतात, 'मला फेट्यानं डोकं खाजतंय, बरं झालं.' पण मान त्यांचा एकट्याचा नव्हता, माझाही होता. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही आणि ती माझ्याशी.

तर तुला नाव पाहिजे ना? माझ्या जावेचं नाव ठकूबाई. घे. तुझ्या गोष्टीत राक्षसीण लागतच असेल, नाही तर तुमचा हिरो मारणार कुणाला? हिच्यात सगळं तयार आहे. कान सांगितलेच. आवाज असा की वस्तीवरून हाक मारली तर म्हसवडच्या स्टँडवर माणसं मागे वळून बघतील. नुसत्या ओरडण्यावरून कुठलं मेंढरू कुणाचं ते ओळखते. शंभरात एक कोकरू कमी असलं तर न मोजता सांगते. अशा बाईच्या शेजारी राहून बघ म्हणजे कळेल. सकाळी मी उठायच्या आधी तिचं अंगण झाडून झालेलं असतं, आणि मुद्दाम माझ्या दारापर्यंत झाडते, मला लाज आणायला.

आणखी काही लागलं तर विचार.

तुझी आत्ती

*

सांगली, १९ जुलै

आत्ती,

अगं, तू तर खाणच उघडलीस. मी पत्र लालासाहेबांना वाचून दाखवलं (मामांच्या फेट्याचा भाग गाळून). ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, 'ठ सुटला!' राजवर्धनचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याच्या वज्रबाहूला उडता येतं, दगड फोडता येतो, पण करपलेली मोहरी भिंतीपलीकडून कळत नाही.

मला आणखी पाहिजे. ठकूबाई दिसते कशी? नेसते काय? रागावली की काय करते? तिनं कधी कुणाशी दोन हात केलेत का? आणि हा अबोला चालतो तरी कसा? एका अंगणात राहून, एका नळाला पाणी भरून माणसं न बोलता कशी राहतात? मला तर राजवर्धनशी चहापुरताही अबोला धरता येत नाही.

सगळं लिही. जे वाईट वाटतं ते तर आधी लिही.

समीक्षा

*

वस्ती, म्हसवड, २ ऑगस्ट

समीक्षा,

वाईट लिही म्हणालीस म्हणून मन लावून बसले.

दिसायला उंच, हाडापेरानं मोठी. अजून नऊवारी नेसते, काष्टा घट्ट मारते, आणि ऊन असो, थंडी असो, खांद्यावर काळं घोंगडं. तिच्या पुढे मी म्हणजे कुठंतरी कोपऱ्यात ठेवलेली घागर.

अबोला चालतो तो शेळीवर. तिला मला काही सांगायचं असलं की ती चांदीला सांगते. 'चांदे, आज नळाला पानी दुपारनं येनार हाय म्हनं.' मग मी पण आमच्या कुत्र्याला सांगते, 'ऐकलंस का रं, दुपारनं हाय.' कुत्रं शेपूट हलवतं. काम होतं.

तिचा घमेंडीपणा बघ. गेल्या वर्षी मला चिकुनगुनिया झाला. सून पूजा बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि नानासोंना चहापलीकडे काही येत नाही. तर भिंतीवरच्या फटीतून फडक्यात बांधलेली भाकरी-भाजी दोरीनं खाली यायची, आणि मोठ्यानं ऐकवायची, 'चांदे, आजबी भाकरी जास्त झाली बग, वाया जातीया.' मला सांग, मी पुरी बरी होईपर्यंत कुणाची भाकरी रोज जास्त होते? उपकार करायचे आणि केलेच नाहीत असं दाखवायचं. समोरच्याला आभार मानायलाही जागा ठेवायची नाही. याला काय म्हणायचं?

दोन हाताचं विचारलंस. मागे एकदा दिवस मावळताना मेंढरांच्या वाड्यात लांडगा शिरला. ही घरापासून धावत सुटली. हातात काठी नाही, काही नाही. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तर ती चप्पल तशीच काट्यात टाकून अनवाणी पळाली. खांद्यावरचं घोंगडं ओढून दोन हातांनी डोक्यावर धरलं आणि अशी काही बोंब ठोकली की लांडगा दोन पावलं मागे सरला, मग वळला आणि ओढ्यानं गेला. मी काही बघायला गेले नव्हते. ऐकलं ते सांगते.

आता ही पीडा जाणार आहे. दिग्विजय पेन्शनवर आला. साताऱ्यात नोकरी लागली, फ्लॅट घेतला. आईचे गुडघे दुखतात, तिथं दवाखाना जवळ आहे, म्हणून तिला कायमची नेणार म्हणतो. पितृपंधरवडा लागायच्या आत. नेऊ दे. माझं काय जातंय? दार बंद राहील, झाडू माझ्या अंगणात यायचा बंद होईल, मला बरंच आहे.

पत्राला उशीर झाला. हल्ली कशात लक्ष लागत नाही. हवा बदललीय बहुतेक.

आत्ती

*

सांगली, १२ ऑगस्ट

आत्ती,

सोबत चित्र पाठवतेय. आधी बसून घे, मग उघड.

बघितलंस? ही ठकूआक्का. ठ ची सुपरहिरो. राक्षसीण नाही गं. मी तुला राक्षसीण मागितलीच नव्हती, ते तूच ठरवलंस, आणि मी गप्प बसले कारण तू मजेत लिहीत होतीस. काष्टा घातलाय, घोंगडं वाऱ्यावर उडतंय, एका पायात चप्पल आहे आणि दुसरा पाय अनवाणी. आमच्या ऑफिसात सगळ्यांना हा अनवाणी पाय फार आवडला. कॉमिक्समधल्या सगळ्या हिरोंच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट असतात.

एक विचारू? तू बघायला गेली नव्हतीस, तर चप्पल काट्यात पडली आणि लांडगा बरोबर दोन पावलं मागे सरला, हे तुला कुणी सांगितलं?

असो. आता अडचण सांगते. लालासाहेब म्हणतात, नाव खरं आहे, रूप खरं आहे, बाई हयात आहे. तिला विचारल्याशिवाय छापणार नाही. कागदबिगद काही नको, पण तिच्या तोंडून 'हो' आलं पाहिजे. ती फोन उचलत नाही. मी दोनदा करून बघितला. म्हणजे आता तूच.

तेवढं विचारशील ना?

समीक्षा

*

वस्ती, म्हसवड, १८ ऑगस्ट

समीक्षा,

मी विचारणार नाही.

मी तुला विश्वासानं मनातलं लिहिलं आणि तू तिची देवी करून ठेवलीस. चित्रात ती आभाळाएवढी काढलीय. खाली मेंढरं आहेत, शेळी आहे, भिंतसुद्धा आहे. भिंतीच्या अलीकडे कोण राहतं? कुणीच नाही? तीस वर्षं मी त्या घरात धूर गिळला, तुझ्या चित्रात माझी चूलसुद्धा नाही.

माझ्या, रंगूबाईच्या नावात काय वाईट होतं? र मिळाला नाही म्हणतेस. एक अक्षर तुला भांडून घेता आलं नाही?

आणि चप्पल काट्यात पडलेली सगळ्या वस्तीनं बघितली. त्यात विशेष काय आहे?

ठ ची दुसरी नावं देते. ठमाबाई घाल. ठकाजी घाल. हे मेलेले आहेत, विचारावं लागत नाही. तिला साताऱ्याला जाऊ दे गपचूप. दिग्विजयनं शेळीसुद्धा विकायला काढलीय, फ्लॅटमध्ये चालत नाही म्हणे.

पूजानं तुझं चित्र बघितलं. म्हणाली, 'आवं, हुबेहूब मोठ्या आत्याबाई!' तिच्याशी पण मी बोलले नाही दिवसभर.

आत्ती

*

सांगली, २३ ऑगस्ट

आत्ती,

चुकले. तुला न सांगता केलं हे चुकलं. कान धरलेत, हातात पेन असल्यामुळे एकच धरलाय.

पण आता माझं ऐक. मी त्या चित्रात माझ्या पदरचं काहीच घातलेलं नाही. तूच लिहिलंस की ती तुझ्या दारापर्यंत अंगण झाडते. तूच लिहिलंस की तू बरी होईपर्यंत तिची भाकरी जास्त होत होती. मी तुला वाईट लिही म्हणाले होते, आणि तू मन लावून बसलीस, आणि मला त्यात एकही वाईट गोष्ट सापडली नाही. आम्ही चौघं महिनाभर डोकं खाजवून सुपरहिरोंना ताकदी शोधून देतोय. तू एका बाईच्या सगळ्या ताकदी न थांबता लिहून पाठवल्यास. इतकं बारीक कोण कुणाकडे बघतं?

आणि 'हवा बदललीय' म्हणे. आत्ती, ती जाणार म्हणून तुला जेवण गोड लागत नाहीय. मला सांगलीत बसून कळतंय.

लालासाहेब आठ सप्टेंबरला फाईल छापायला देणार. तोवर तिचा होकार आला नाही तर मी चेहरा बदलीन, नाव ठमाबाई करीन, हिरवी पँट घालीन, काय वाटेल ते करीन. पण मग ती ठकूआक्का राहणार नाही, आणि खरी ठकूआक्का तर पंधरवड्याआधीच जाणार. विचार तिला.

समीक्षा

*

वस्ती, म्हसवड, २८ ऑगस्ट

समीक्षा,

काल गणपती बसले. नैवेद्य झाल्यावर मनाचा हिय्या केला आणि विचारलं.

म्हणजे आमच्या कुत्र्याला विचारलं. अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, 'सांगलीची समी पुस्तक काढतीया. त्यात कुनाचं तरी नाव आन् चित्र घालायचं म्हनती. चालंल का न्हाई, कुनी सांगंल का?'

पलीकडे ती गहू निवडत होती. सुपाचा आवाज थांबला. मग शेळीला म्हणाली, 'चांदे, ज्याला इचारायचं हाय त्यानं माज्या तोंडाकडं बगून इचारावं. कुत्र्या-मांजरांच्या तोंडून आता न्हाई. आता जायची येळ झाली.'

असं म्हणाली. आणि पुन्हा सूप सुरू.

मी तिच्या तोंडाकडे बघणार नाही. तिच्या मुलाच्या लग्नात माझ्या नवऱ्याकडे कुणी बघितलं होतं? तुझं पुस्तक माझ्यामुळे अडलं याचं मला वाईट वाटतं. ठमाबाई घाल.

शुक्रवारी, पाच तारखेला दिग्विजय गाडी घेऊन येणार आहे. तिनं भांडी बांधायला घेतलीत. दिवसभर आवाज येतोय.

आत्ती

*

सांगली, ३१ ऑगस्ट

आत्ती,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, म्हसवडच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय. तो डेअरीत ठेवीन म्हणालाय.

कॉमिक्स राहू दे. मी ठमाबाई करून टाकलीय, पँट सुद्धा घातलीय. पुस्तकासाठी विचारू नकोस.

पण शुक्रवारी ती गाडीत बसायच्या आत तिच्याशी बोल. काहीही बोल. फेट्यावरून भांडलीस तरी चालेल. तू न बोलता तिला जाऊ दिलंस तर नंतर सगळा वेळ त्या बंद दाराकडे बघत बसशील, आणि मला ते इथून बघवणार नाही. मी तुला ओळखते, आत्ती. माझं एवढं ऐक.

समी

*

वस्ती, म्हसवड, १० सप्टेंबर

चि. समीक्षा,

हे पत्र ठकूबाई सांगतेय आणि मी लिहितेय. तिला लिहिता येत नाही. मी मध्ये माझंही लिहीन, ते तिला कळणार नाही.

ती म्हणते, 'लिव्ह, की चित्र झ्याक हाय. पर माजं नाक येवढं मोटं न्हाई.' आहे.

आता मी काय घडलं ते लिहिते. शुक्रवारी गाडी आली. दिग्विजयनं सामान चढवलं. ही पुढच्या सीटवर बसली, घोंगडं मांडीवर घेऊन. मी दारात उभी होते. पूजा मागून म्हणत होती, 'आत्या, जावा की वो.' मग गाडी सुरू झाली तशी मी तुझं चित्र हातात घेऊन धावले आणि खिडकीशी गेले. तिच्या तोंडाकडे बघितलं. किती म्हातारी झालीय गं ती. भिंतीपलीकडून आवाज तेवढाच असायचा, म्हणून मला कळलंच नव्हतं.

मी म्हटलं, 'आक्का, समीक्षा इचारती, तुमचं नाव घालू का म्हनून.'

ती म्हणाली, 'कोन इचारतंय?'

'समीक्षा.'

'मग तिला यिऊ दे. चल रं दिग्या.'

मग मी गाडीचं दार धरलं आणि म्हटलं, 'मी इचारती. आन् आवं आक्का, जाऊ नगा.'

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, 'येवढं म्हनायला किती वरसं लावलीस गं रंगे?' आणि खाली उतरली. दिग्विजय म्हणाला, 'आये, समान चढलंय, मी रजा काढून आलोय.' ती म्हणाली, 'समान उतरव. रजा हाय नव्हं?' बिचाऱ्यानं सगळं पुन्हा उतरवलं. नानासोंनी एक पातेलं सुद्धा उचललं नाही, नुसते हसत उभे राहिले.

ती विचारतेय, एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, तुमचं नाक लिहितेय.

आता ती सांगते ते लिहिते. 'समीक्षा, लांडग्याची गोष्ट रंगूनं तुला खोटी सांगितली. लांडगा मेंढरांसाठी आलता खरा, पर वाड्यात रंगू हुती. कोकरू घ्यायला गेलती. ती आत आन् लांडगा दारात. तिथनं ती मला आक्का म्हनून वरडली. म्हनून मी पळाले. मेंढरांसाठी कोन अनवानी पळतंय?'

हे खरं आहे. मी तुला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी तिला आत्ता विचारलं की आक्का, मी त्या दिवशी तुम्हाला हाक मारली, म्हणजे अबोला मोडलाच होता. मग तुम्ही दुसऱ्या दिवशी बोलला का नाही? तर म्हणते, 'तू न्हाई बोललीस. मला वाटलं, भ्यालीस म्हनून तोंडातनं गेलं. त्येच धरून बोलायला लागले आसते तर तुझी मान खाली गेली आसती. म्हनून मीबी इसरल्यावानी केलं.'

इतकी वर्षं तिनं माझी मान सांभाळली. मी फेट्याला धरून बसले होते.

फेट्याचं विचारलं. तिला आठवतच नाही. म्हणते, लग्नात मला माझं नाव आठवत नव्हतं, फेटे कोण बघतंय.

तुझ्या पुस्तकाचं लिहायचं राहिलं. तुझी फाईल गेली असेल, तर गेली. नसली गेली तर तिचा होकार आहे. पण अट आहे. ती म्हणते, चित्रात ती पळतेय तर कुणाकडे पळतेय ते दाखव, नाही तर लोकांना वाटेल बाई उगीच धावतेय. वाड्यात मला काढ, कोकरू घेऊन. बारीक काढलीस तरी चालेल, पण तोंड उघडं काढ, हाक मारताना. हे ती सांगतेय हं, मी नाही.

ती आता चांदीला पाणी दाखवायला गेली, म्हणून शेवटचं माझं मी लिहिते. दिग्विजयला तिनं सांगितलंय, पंधरवड्यात घर बदलत नाहीत, पुढे घट बसतात, मग दिवाळी आली. दिवाळी झाल्यावर ये. तो येणारच. तिचे गुडघे खरंच गेलेत, परवा अंगणात बसली तर उठवायला मला आणि पूजाला दोघींना हात द्यावा लागला. मला अडवता यायचं नाही आणि अडवायचंही नाही. ती जाईल.

पण मागच्या शुक्रवारी ती तशीच गेली असती तर मला घरात बसून डाळ शिजवावी लागली असती, काही झालंच नाही असं तोंड करून. आता दिवाळीनंतर ती जाईल तेव्हा मी गाडीमागं रस्त्यापर्यंत जाईन आणि सगळ्या वस्तीसमोर मोठ्यानं रडेन. मला आता तेवढं करता येईल.

तुझी आत्ती